वजनकाट्यापेक्षा टेप बरी

महोदय,

लठ्ठपणाची चर्चा वजनाशीच थांबते. 2009 साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात सुमारे 9 लाख प्रौढांचे, मुख्यतः युरोप-अमेरिकेतले, विश्लेषण आले. बीएमआय, म्हणजे किलोतल्या वजनाला मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागून येणारा आकडा, 25 च्या वर गेल्यास प्रत्येक 5 अंकांमागे मृत्यूचा धोका साधारण 30 टक्क्यांनी वाढलेला दिसला. बीएमआय 30 ते 35 असलेल्यांचे आयुष्य 2 ते 4 वर्षांनी, 40 ते 45 असलेल्यांचे 8 ते 10 वर्षांनी घटलेले. भारतीयांत पोटातली चरबी कमी वजनातच साठते, म्हणून आपल्याकडे बीएमआय 23 पासून जास्त वजन आणि 25 पासून लठ्ठपणा धरतात.

या पोटातल्या चरबीचा अंदाज घ्यायला घरी कंबर मोजावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मध्यावर, उघड्या अंगावर टेप आडवी धरा, श्वास सहज सोडल्यावर आकडा वाचा. पँटच्या पट्ट्याचा आकडा धरू नका. तो पोटाखाली घसरलेला असतो! पुरुषांत 90 आणि स्त्रियांत 80 सेंटिमीटरपुढे रक्तातली साखर आणि चरबी, तसेच रक्तदाब तपासावा. काटकुळी माणसेही लवकर जातात, हा युक्तिवाद लंगडा आहे: त्यांत धूम्रपान करणारे आणि आजाराने वाळलेलेही मोजले जातात.

– एक वाचक