पार्ट नंबर तोच, खोकं तेच, आतला पॅड मात्र वेगळा: लो डस्ट ब्रेक पॅडबद्दल तक्रार

प्रति,
ग्राहक सेवा विभाग

नमस्कार,

माझी छोटी हॅचबॅक आहे, पुढे डिस्क मागे ड्रम, आणि तुमच्या लो डस्ट (कमी धूळ करणाऱ्या) सिरॅमिक ब्रेक पॅडबद्दल, म्हणजे ब्रेक दाबल्यावर डिस्कला घासून चाक थांबवणाऱ्या पट्ट्यांबद्दल, मी हे तिसऱ्यांदा लिहितेय. आधी एकदा "नवीन पॅड बसेपर्यंत थोडी धूळ येते" आणि एकदा "कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) अडकत असेल" एवढंच उत्तर आलं, म्हणून आता सगळं पहिल्यापासून सांगते, लांबेल, पण प्लीज पूर्ण वाचा आणि ज्याला पॅडमधलं खरंच कळतं अशा माणसाला वाचायला द्या.

गाडीबरोबर आलेले मूळ पॅड पकडीला चांगले होते पण धूळ एवढी की आठवड्याभरात पुढची दोन्ही अलॉय चाकं काळी. ती नुसती रस्त्याची माती नसते हे तुम्हाला मी सांगायला नको, डिस्क बिडाची असते, ब्रेक दाबला की पॅडबरोबर तीही झिजते आणि ते लोखंडाचे गरम कण चाकावर जाऊन चिकटतात, मग पाणी लागलं की तिथेच गंजतात. माझ्या एका चाकाला स्पोकच्या बेचक्यात असे बारीक तांबूस ठिपके पडलेत ते आता कितीही घासलं तरी जात नाहीत, दर वेळी चाक पुसताना बोटाला खरखरीत लागतात आणि जीव हळहळतो.

म्हणून पॅड बदलायची वेळ आली तेव्हा मी नीट माहिती काढून निवड केली होती. सेमी मेटॅलिक प्रकारचा पॅड आधीच बाद केला, त्यात धातू भरपूर, तापल्यावर पकड टिकते पण डिस्क खातो आणि धूळही जास्त. ऑरगॅनिक शांत असतो पण लवकर संपतो. सिरॅमिक पटला कारण डिस्कवर पॅडच्याच मटेरियलचा पातळ थर बसतो आणि घासाघीस बरीचशी त्या थरावर होते, डिस्क कमी झिजते, जी धूळ होते ती फिकट असते आणि चाकाला फार धरून बसत नाही. पण धूळ कमी म्हणून ब्रेकही कमी लागणारा पॅड मला अजिबात नको होता, त्यामुळे पॅडवर छापलेली शेवटची दोन अक्षरंसुद्धा बघून घेतली, एफएफ, म्हणजे साध्या तापमानाला आणि तापल्यावरही घर्षणाचा आकडा 0.35 ते 0.45 च्या दरम्यान. एवढं बघून तुमचा सेट घेतला.

आणि तो पहिला सेट खरंच सुंदर होता, हे मी मनापासून लिहितेय. दोन-दोन आठवडे चाक धुतलं नाही तरी फक्त हलका राखाडी थर, ओलं फडकं फिरवलं की साफ. 30,000 किलोमीटरच्या वर चालला. मी दोघा-तिघांना सांगितलं की हाच घ्या.

म्हणूनच दुसऱ्या सेटचा एवढा त्रास होतोय. तोच पार्ट नंबर, तेच खोकं, त्यावर तेच लो डस्ट सिरॅमिक, आणि पाचव्या दिवशी पुढची चाकं काळी, मूळ पॅडपेक्षाही जास्त काळी. तुम्ही म्हणता बसायला वेळ द्या, दिला. ताशी 50 वरून 10 पर्यंत हळूहळू वेग कमी करायचा, पूर्ण थांबायचं नाही, मधे थंड होऊ द्यायचं, असं दहा वेळा केलं, नंतरचे 300 किलोमीटर कचकन ब्रेक मारला नाही. आता 4,000 किलोमीटर झालेत, अजून किती बसायचेत ते?

कॅलिपर अडकत असेल असं तुमचं दुसरं उत्तर होतं. तेही बघितलं. पिन काढून साफ करून ब्रेकचं ग्रीस लावलं, पिस्टन नीट मागे जातो, जॅकवर उचलल्यावर दोन्ही चाकं हाताने मोकळी फिरतात, आणि एक कॅलिपर अडकला असता तर त्याच बाजूचं चाक जास्त काळं झालं असतं, इथे दोन्ही सारखीच आहेत. डिस्कची जाडीही तिच्यावर कोरलेल्या किमान आकड्याच्या वर आहे.

मग मी पॅडच बाहेर काढले. सुदैवाने पहिल्या सेटमधला झिजलेला एक पॅड मेकॅनिककडून परत आणून ठेवला होता, दोन्ही शेजारी शेजारी कागदावर ठेवले आणि मागच्या प्लेटवरचं छापलेलं वाचलं. कंपनीचा कोड तोच, शेवटी एफएफ तेच, पण मधला मटेरियलचा नंबर वेगळा! जुन्या पॅडची कड एकसारखी राखाडी, नव्याची उजेडात धरली की मधे मधे चकाकणारे तंतू दिसतात. दोन्हींची कड कानसीने थोडी घासली (घासणारी बाजू मुद्दाम सोडून, कारण तिथे डिस्कचं लोखंड लागलेलं असतं), भुकटी वेगवेगळ्या कागदांवर घेतली आणि खालून लोहचुंबक फिरवलं. जुन्याची भुकटी जवळपास तशीच पडून राहिली. नव्याची उठून उभी राहिली आणि चुंबकाच्या मागे मागे पळायला लागली. म्हणजे यात लोखंड किंवा स्टील भरपूर आहे. हे पहिल्या सेटचं मटेरियल नाहीये, तुम्ही कंपाउंड (पॅडचं मिश्रण) बदललंय आणि खोक्यावर एका अक्षराचाही बदल केलेला नाही.

फोनवर तुमचे प्रतिनिधी म्हणाले की दोन्हीवर एफएफ आहे, म्हणजे प्रॉडक्ट सेमच. नाही हो. ती दोन अक्षरं पॅडचा छोटा तुकडा मशीनवर घासून काढलेलं घर्षण सांगतात, धूळ किती होईल, पॅड किती चालेल, डिस्क किती खाईल यातलं काहीच सांगत नाहीत. पुढे ते असंही म्हणाले की धुळीचं काही माप नसतं. असतं. युरोपच्या यूरो 7 नियमात टेलपाइपचा (धुराच्या नळीचा) धूर सोडून थेट ब्रेकमधून निघणाऱ्या कणांवर मर्यादा घातलीय, बहुतेक पेट्रोल-डिझेल कारसाठी किलोमीटरला 7 मिलीग्रॅम, म्हणजे मोजायची पद्धत आहे म्हणूनच आकडा आहे. हे मी फक्त चाकाच्या रंगासाठी लिहीत नाहीये, चाकावर चिकटते ती निम्मीच गोष्ट, बाकीची धूळ हवेत जाते आणि ती आपणच श्वासात घेतो, लो डस्ट लिहिलेला पॅड शोधण्यामागे माझं ते एक मोठं कारण होतं.

मला पुढील गोष्टी लेखी हव्यात. हा मटेरियल नंबर कधीपासून बदलला आणि का. नव्या कंपाउंडची धुळीची चाचणी झालीय का, झाली असेल तर आकडे. आणि नसेल झाली तर खोक्यावरून लो डस्ट काढा, निदान पार्ट नंबर तरी बदला, म्हणजे माझ्यासारखा पुन्हा विकत घेणारा माणूस फसणार नाही. माझ्यापुरतं म्हणाल तर जुन्या मटेरियलचा सेट द्या, तो बनतच नसेल तर पैसे परत करा.

दोन्ही पॅडच्या छापाचे, भुकटीचे आणि चाकांचे फोटो जोडलेत, बिलही जोडलंय. दोन्ही पॅडची भुकटी वेगवेगळ्या पिशव्यांत नाव घालून ठेवलीय, तुमच्या माणसाला बघायची असेल तर केव्हाही दाखवेन. नवीन पॅड परत गाडीला लावलेत कारण ब्रेकशिवाय गाडी चालवता येत नाही, ते वापरतेय याचा अर्थ मला ते मान्य आहेत असा काढू नका.

आपली,
एक जुनी ग्राहक