‘ट्रेडिंग डेस्कटॉप’ योजनेतील लिनक्स सर्व्हरवरचे सेशन कंपनीच्याच व्यवस्थेकडून बंद केले जात असल्याबाबत तक्रार

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

महोदय / महोदया,

मी आपल्या ‘ट्रेडिंग डेस्कटॉप’ योजनेचा, वर्षाचे शुल्क आगाऊ भरलेला ग्राहक आहे. या योजनेत मला मुंबईतील डेटा सेंटरमधला उबुंटू 22.04 (लिनक्सचा एक प्रकार) सर्व्हर मिळाला असून, दूरस्थ डेस्कटॉपची जोडणी मी सोडली की त्यावरचे माझे सेशन, म्हणजे उघडलेला डेस्कटॉप, मिनिटभरात बंद पडते आणि त्यात चालू असलेले ट्रेडिंग सॉफ्टवेअरही त्याबरोबर जाते. हा बिघाड नसून आपण स्वतः केलेल्या मांडणीचा परिणाम आहे, हे मी पुराव्यासह मदत केंद्राला कळवले होते. तिथून समाधानकारक उत्तर न मिळाल्याने आपणांस हे पत्र लिहीत आहे.

मी नाशिकला राहतो आणि अमेरिकी शेअर बाजारात स्वतःच्या बचतीतून गुंतवणूक करतो. तो बाजार आपल्या घड्याळाप्रमाणे उन्हाळ्यात सायंकाळी 7 ते रात्री 1.30 आणि हिवाळ्यात रात्री 8 ते 2.30 असा चालतो. एवढ्या रात्री घरचा संगणक चालू ठेवणे आणि पावसाळ्यात वीज जाईल या धास्तीत राहणे नको, म्हणूनच मी सर्व्हर भाड्याने घेतला. माझ्या ब्रोकरचे सॉफ्टवेअर जावा या प्रोग्रॅमिंग भाषेवर चालते व त्याला पडदा लागतो. लॉगिनची खिडकी काढायला डिस्प्ले सापडला नाही, तर ते ‘हेडलेस एक्सेप्शन’ दाखवून सुरूच होत नाही. त्यामुळे साधा, काळ्या पडद्याचा (केवळ आज्ञा टाइप करून चालवायचा) सर्व्हर स्वस्तात मिळत असूनही मी आपली महाग योजना निवडली, कारण तिच्या जाहिरातीत ‘लॅपटॉप बंद करा, तुमचा डेस्कटॉप चोवीस तास चालू राहील’ असे स्पष्ट म्हटले आहे.

प्रत्यक्षात काय घडते, ते सांगतो. आपल्या सर्व्हरवर दूरस्थ डेस्कटॉपसाठी एक्सआरडीपी हे सॉफ्टवेअर वापरले आहे. त्याच्या ‘सेसमन.आयएनआय’ या सेटिंगच्या फाइलमध्ये सेशनविषयीच्या भागात ‘किलडिस्कनेक्टेड’ नावाची एक ओळ असते. एक्सआरडीपीच्या मूळ वितरणात तिचे मूल्य ‘फॉल्स’ असते, म्हणजे ग्राहकाने खिडकी बंद केली तरी आतले सेशन तसेच राहते व पुन्हा जोडल्यावर जिथे सोडले तिथून मिळते. आपल्या सर्व्हरवर मात्र हे मूल्य ‘ट्रू’ केलेले आहे आणि त्याखालील वेळेची मर्यादा 60 सेकंद ठेवलेली आहे. याचा अर्थ, मी स्वतः जोडणी सोडली काय किंवा माझ्या घरचे इंटरनेट क्षणभर गेले काय, एका मिनिटानंतर सेशन व त्यातील प्रत्येक प्रोग्रॅम मारला जातो. ज्या कामासाठी योजना विकली, नेमके तेच काम ही एक ओळ अशक्य करते.

मी ते मूल्य बदलून सेवा पुन्हा सुरू केली, तेव्हा डेस्कटॉप अगदी व्यवस्थित चालला. पण त्याच रात्री आपल्या स्वयंचलित व्यवस्थेने ती फाइल पुन्हा पहिल्यासारखी लिहून टाकली. फाइलच्या डोक्यावर ‘ही फाइल आपोआप तयार होते, हाताने बदल करू नये’ अशी सूचना आहेच. सेशनवर अवलंबून न राहता व्हर्च्युअल डिस्प्ले (आभासी पडदा) किंवा व्हीएनसी सर्व्हर (पडदा दुरून दाखवणारे दुसरे सॉफ्टवेअर) वेगळी सेवा म्हणून चालवण्याचा मार्ग आहे, कारण पाहणारा निघून गेला तरी तो डिस्प्ले तसाच राहतो. परंतु दुसरा डिस्प्ले सर्व्हर बसवल्यास योजनेतील तांत्रिक मदत बंद होईल, असे आपल्या अटींमध्ये लिहिले आहे. म्हणजे दार आपणच लावायचे, आणि ग्राहकाने खिडकीतून जायचे ठरवले तर तीही अटींनी बंद करायची, असा हा प्रकार झाला.

मदत केंद्राची उत्तरे वाचून मला खरोखर आश्चर्य वाटले. ‘सर्व्हर चालू आहे, पिंग लागतो, अपटाइम पूर्ण आहे’ हे पहिले उत्तर. सर्व्हर चालू असल्याबद्दल माझी तक्रार नव्हतीच. मी पैसे मोजले आहेत ते त्यावरच्या डेस्कटॉपसाठी. दुसऱ्या उत्तरात मला रात्रभर लॅपटॉप उघडा ठेवून जोडणी कायम ठेवण्याचा सल्ला देण्यात आला. लॅपटॉप रात्रभर उघडाच ठेवायचा असता, तर सर्व्हर कशासाठी घेतला असता? त्यावर कळस म्हणजे, मी पाठवलेल्या लॉगमधील (सर्व्हरने आपोआप ठेवलेल्या नोंदींमधील) सेशन संपल्याची नोंद 15.42 ची पाहून ‘दुपारी पावणेचारला अमेरिकी बाजार बंद असतो, त्यामुळे आपले नुकसान झालेले नाही’ असे कळवण्यात आले. त्या सर्व्हरचे घड्याळ यूटीसीवर, म्हणजे आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे असलेल्या जागतिक वेळेवर, लावलेले आहे. ती वेळ आपल्याकडे रात्री 9.12 होते आणि तेव्हा बाजार भर जोरात चालू होता. आपल्याच सर्व्हरचे घड्याळ आपल्याच कर्मचाऱ्यांना वाचता येऊ नये, याबद्दल अधिक काय लिहावे?

त्या वेळी जे आदेश ब्रोकरकडे आधीच पोहोचले होते, ते शाबूत राहिले. मात्र सॉफ्टवेअर उघडे असेल तरच ज्यांच्या अटी तपासल्या जातात, असे विक्रीचे आदेश गेलेच नाहीत. शेअरच्या भावातून झालेला तोटा मी आपल्याकडून मागत नाही, कारण बाजाराची जोखीम ज्याची त्यानेच घ्यायची असते. माझा आक्षेप आहे तो विकलेली सेवा दिली न गेल्याबद्दल.

या निमित्ताने आणखी एक बाब. दूरस्थ डेस्कटॉपचा 3389 हा पोर्ट (जोडणीसाठीचे प्रवेशद्वार) आपण सगळ्या जगाला उघडा ठेवला असून, अनोळखी पत्त्यांवरून लॉगिनचे प्रयत्न सतत होत असल्याचे लॉगमध्ये दिसते. ज्या यंत्रावर ग्राहकाचे ब्रोकर खाते उघडलेले असते, तिथे हा पोर्ट बाहेरून बंद ठेवून केवळ एसएसएच बोगद्यातूनच (कूटबद्ध, सुरक्षित जोडणीतूनच) प्रवेश देणे आवश्यक आहे.

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(11) नुसार ही सेवेतील त्रुटी आणि कलम 2(28) नुसार वरील जाहिरात दिशाभूल करणारी ठरते, असे माझे म्हणणे आहे. सदर सेवा मी स्वतःच्या बचतीच्या गुंतवणुकीसाठी वापरतो, व्यापारी प्रयोजनासाठी नाही, हेही नोंदवून ठेवतो. तसेच सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार सेवा पुरवठादारांनी लॉग 180 दिवस जपून ठेवणे बंधनकारक असल्यामुळे, माझ्या सर्व्हरचे सेशनविषयक लॉग व ती फाइल पुन्हा लिहिणाऱ्या आपल्या व्यवस्थेच्या नोंदी पुसल्या जाऊ नयेत, अशी सूचना या पत्राद्वारे देत आहे.

माझी मुख्य मागणी अशी की, माझ्या सर्व्हरवर ‘किलडिस्कनेक्टेड’चे मूल्य कायमचे ‘फॉल्स’ करावे आणि आपली स्वयंचलित व्यवस्था ते पुन्हा बदलणार नाही, असे लेखी कळवावे. आपल्या धोरणात हे बसत नसेल, तर तेही तसेच लेखी सांगून संपूर्ण वार्षिक शुल्क परत करावे. उरलेल्या महिन्यांचे सोडून द्या, ज्या महिन्यांत डेस्कटॉप मिनिटभरही एकटा टिकला नाही, त्यांचे शुल्क तरी कशाच्या आधारावर ठेवणार? पोर्टची दुरुस्ती मात्र कोणत्याही परिस्थितीत तातडीने करावी.

हे पत्र मिळाल्यापासून 15 दिवसांत उत्तर न आल्यास मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनकडे व त्यानंतर नाशिक जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागेन. तक्रारदार जिथे राहतो तिथे तक्रार दाखल करण्याची मुभा कलम 34 मध्ये आहे. मदत केंद्राने माझ्या तक्रारीचे तिकीट (तिथली नोंद) ‘सोडवले’ असा शेरा मारून बंद केले असल्याने, उत्तर कृपया त्या तिकिटावर न देता माझ्या नोंदणीकृत ईमेलवर पाठवावे.

आपला ग्राहक,
(स्वाक्षरी)
नाशिक

सोबत : शुल्काची पावती, जाहिरातीचा स्क्रीनशॉट, सेशनचे लॉग (वेळा यूटीसीमध्ये), मदत केंद्राशी झालेला पत्रव्यवहार.