माशाच्या काट्यावर पहिला उपचार गरम पाण्याचा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

पावसाळा तोंडावर आला की सर्पदंश आणि विंचूदंश झाल्यास काय करावे याची माहिती वृत्तपत्रांतून छापून येते, आरोग्य केंद्रांच्या भिंतींवर तिचे फलक लागतात, आणि ते योग्यच आहे. परंतु तापी, गिरणा, पांझरा आणि अनेर यांच्या काठी मासेमारीवर पोट असलेल्या भोई, कोळी आणि भिल्ल कुटुंबांना ज्या दंशाला बारमाही तोंड द्यावे लागते, त्या माशाच्या काट्याविषयी आपल्या खान्देशच्या जळगाव, धुळे, नंदुरबार या तिन्ही जिल्ह्यांत कोठे एक ओळ लिहिलेली माझ्या पाहण्यात आलेली नाही. मी सरकारी आरोग्य खात्यातून औषधनिर्माण अधिकारी म्हणून निवृत्त झालो असून तापीकाठच्या गावात राहत असल्याने हा प्रकार जवळून पाहत आलो आहे. त्यावरचा पहिला उपचार साध्या गरम पाण्याचा आहे, तो कोणालाही करता येतो, आणि नेमका तोच होत नाही, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

विषारी मासा म्हटला की आपल्याला समुद्र आठवतो. २०१३ साली गणेशविसर्जनाच्या वेळी गिरगाव चौपाटीवर पाखट माशांच्या दंशाने अनेक भाविक जखमी झाले, त्याच्या बातम्या झाल्या आणि पुढे मुंबईत विसर्जनापूर्वी तशा सूचना निघू लागल्या. गोड्या पाण्यातले मासे मात्र निरुपद्रवी असतात असाच सर्वसाधारण समज आहे. वास्तविक टेंगरा, शिंगाळा, मागूर, शिंगी हे आपल्या नद्यांतले बिनखवल्यांचे, मिशीवाले मासे काट्यातून विष सोडणाऱ्या मोठ्या गटातले आहेत. मिशिगन विद्यापीठातील एका संशोधकाने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या गटातल्या किमान १२५० जाती विषारी असाव्यात असा अंदाज मांडला होता.

या माशांच्या मिशा डंख मारतात असे अनेक जण, अगदी शिकलेले लोकही, सांगतात. पण मिशा निव्वळ चाचपण्यासाठी व चव घेण्यासाठी असतात आणि त्यांच्यापासून काहीही धोका नाही. धोका असतो तो परांच्या पुढच्या बाजूस असलेल्या टणक काट्यांचा. टेंगरा आणि शिंगाळा यांना पाठीवर एक आणि कल्ल्यांच्या मागे दोन्ही बाजूंना एकेक असे तीन काटे असतात. शिंगीच्या पाठीवर काटा नसतो, पण बाजूचे दोन काटे या सर्वांत जहाल मानले जातात. मासा बिथरला की हे काटे ताठ उभे राहून सांध्यात अडकतात आणि मग ते दाबून मिटत नाहीत. काट्यावर पातळ कातडीचे आवरण असते व विष तयार करणाऱ्या पेशी त्यातच असतात. काटा मांसात घुसताना ते आवरण फाटते आणि विष थेट जखमेत उतरते. काट्याच्या कडेला करवतीसारखे दाते असल्यास तो बाहेर काढतानाही मांस फाटते, आणि कधी टोक मोडून आतच राहते. लहान मासा हातात धरताना माणूस गाफील असतो, पण लहान माशाचाच काटा अधिक अणकुचीदार असतो.

हा दंश होतो तरी कधी, हे पाहिले तर तो टाळण्याचा मार्गही सापडतो. प्रकाशा, सारंगखेडा, सुलवाडे येथील बॅरेजमुळे तापीत पाणी साठून राहू लागले, हतनूर आणि उकाई धरणांच्या फुगवट्यातही मासेमारी चालते, आणि तेथे बहुतेकांकडे होडीऐवजी थर्माकोलचा तराफा असतो. रात्री लावलेले नायलॉनचे जाळे पहाटे ओढायचे आणि त्या अरुंद तराफ्यावर बसून, अर्धवट उजेडात, थंडीने आखडलेल्या उघड्या बोटांनी त्यातून एकेक मासा सोडवायचा. टेंगऱ्याचे तिन्ही काटे जाळ्याच्या आसांत अडकलेले असतात, आणि तो सोडवण्यासाठी जोर लावला की हिसक्यासरशी काटा अंगठ्याच्या बुडाशी घुसतो. दुसरा हंगाम चैत्र-वैशाखाचा. डोह आटत आले की गाळात हात घालून मासे चाचपले जातात, त्यात मुलेही असतात, आणि शिंगी नेमकी त्याच गाळात दबा धरून असते. तिसरी जागा बाजाराची आहे व तिची दखल कोणीच घेत नाही. शिंगी हवेतूनही श्वास घेऊ शकत असल्यामुळे पाण्याबाहेर काढल्यावर बराच वेळ जिवंत राहते. हात निसटू नये म्हणून तिला राख चोळून विळीवर घेणाऱ्या बाईला त्या वेळी काटा लागतो. मासा मेलेला असला तरी काट्यातले विष लगेच निकामी होत नाही, त्यामुळे पाटीत हात घालतानाही काळजी घ्यावी लागते.

काटा लागल्याबरोबर आगीसारखी कळ उठते, ती मनगटातून वर चढते, हात सुजतो, जखमेभोवतीची कातडी प्रथम पांढुरकी व नंतर लाल होते. काहींना घाम सुटतो, मळमळते, चक्कर येते. वेदना साधारण पहिल्या तास-दीड तासात कळसाला पोहोचते आणि उपचार न झाल्यास दिवसभर, क्वचित दोन दिवसही राहते. अशा दंशाने मृत्यू येणे अत्यंत दुर्मीळ आहे, ही गोष्ट रुग्णाच्या घरच्यांना आवर्जून सांगितली पाहिजे, कारण पुढचे बरेचसे चुकीचे उपाय घाबरल्यामुळेच केले जातात.

गेल्या हिवाळ्यात आमच्या घाटावर एका तरुणाच्या हातात असाच काटा घुसला. ‘दादा, हात ठणकी ऱ्हायना’ (हात ठणकतो आहे) एवढेच तो पुनःपुन्हा म्हणत होता. कोणी मनगटाच्या वर सुतळी करकचून आवळली, कोणी तंबाखू-चुना मळून जखमेत भरला, एकाने बाजूच्या टपरीतून बर्फ आणला. मग त्याला मोटारसायकलवरून एका सरकारी दवाखान्यात नेण्यात आले. तेथे धनुर्वाताची सुई आणि वेदनाशामक इंजेक्शन दिले गेले, सर्पदंशाची शंका म्हणून काही तास बसवून ठेवले, पण हात गरम पाण्यात बुडवण्याचे कोणाच्याही मनात आले नाही. आणि चहाची किटली दाराबाहेरच उकळत होती. त्या कर्मचाऱ्यांना मी दोष देत नाही. सर्पदंशाच्या प्रशिक्षणात जेवढे शिकवले तेवढे त्यांनी इमानाने केले.

माशाचे विष हे मुख्यतः प्रथिनांचे बनलेले असते आणि उष्णतेने प्रथिने बिघडतात. त्यामुळे जखमी हात किंवा पाय सुमारे ४५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात तीस ते नव्वद मिनिटे बुडवून ठेवल्यास बहुतेकांची वेदना झपाट्याने उतरते. जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात जेथे जाऊन टेकतो, तेवढीच ही उष्णता आहे. थर्मामीटर नसल्यास पाणी आधी धडधाकट हाताने, तेही शक्यतो दुसऱ्या माणसाने, तपासावे आणि सोसवेल तेवढेच गरम घ्यावे. दुखऱ्या हाताला वेदनेपुढे चटका कळत नाही आणि पोळून नवीच जखम होते. लहान मुले आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेले रुग्ण यांच्या बाबतीत तर ही दक्षता दुप्पट हवी. पाणी निवत जाईल तसे बदलावे. बर्फाचा येथे उपयोग नाही. दोरी आवळणे, ब्लेडने चिरणे, तोंडाने रक्त ओढणे आणि जखमेत चुना, हळद किंवा रॉकेल घालणे हे सर्व घातक आहे.

वेदना थांबली म्हणजे काम संपले असेही नाही. जखम स्वच्छ पाणी व साबणाने भरपूर धुवावी, वरवर दिसणारा काट्याचा तुकडा काढावा, परंतु खोल रुतलेला किंवा सांध्याजवळचा तुकडा घरी ओढू नये. तो बहुधा एक्स-रेमध्ये दिसतो आणि डॉक्टरांनीच काढायचा असतो. अशी खोल, अरुंद जखम टाके घालून घट्ट बंद करू नये, कारण नदीच्या पाण्यातले एरोमोनाससारखे जंतू आत कोंडले जाऊन पू धरतो. धनुर्वाताची लस लागतेच. लाली वर सरकू लागली, ताप आला, बोट बधिर किंवा काळे पडू लागले तर एक दिवसही थांबू नये. मधुमेही आणि यकृताचे आजार असलेल्यांनी पहिल्याच दिवशी दवाखाना गाठावा. काटा छातीत, पोटात किंवा मानेत घुसला असेल तर गरम पाण्याच्या खटपटीत न पडता सरळ रुग्णालयात जावे.

एक सावधगिरी मात्र सर्वांत वर ठेवली पाहिजे. गढूळ पाण्यात पायाला काय चावले हे दिसलेच नसेल, तर तो सर्पदंश समजूनच तातडीने रुग्णालयात जावे. मासा डोळ्यांनी पाहिला असेल किंवा काटा हातात असेल तेव्हाच वर सांगितलेला उपचार करत बसावे. उलट, माशाचाच दंश असल्याची खात्री असताना सर्पविषावरची लस टोचणे निरर्थक आहे; तिचा माशाच्या विषावर काहीही परिणाम होत नाही आणि तिची रिअॅक्शन मात्र येऊ शकते.

आता मागणीकडे वळतो. तापी, गिरणा आणि उकाईच्या फुगवट्यालगतच्या प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात सर्पदंशाच्या फलकाशेजारी माशाच्या दंशाचा एक फलक लावण्यास जिल्हा परिषदांना फारसा खर्च येणार नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या नर्मदाकाठी तरंगते दवाखाने चालवले जातात. त्यांत थर्मामीटर व पाणी तापवण्याची सोय या कामासाठी राखून ठेवता येईल. मच्छीमार सहकारी संस्थांनी सभासदांना जाळ्यांसोबत जाड हातमोजे, लांब चिमट्याची पक्कड आणि स्टीलचा थर्मास द्यावा. पक्कडीने काटे आधी मोडून मगच मासा पाटीत टाकण्याची सवय लागली तर बाजारातल्या बायकांचेही हात वाचतील, आणि थर्मासमध्ये भरून नेलेले गरम पाणी तराफ्यावर, धरणाच्या मध्यावरही, हाताशी राहील.

शेवटची विनंती वैद्यकीय अधिकाऱ्यांना आहे. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी ग्रामीण भागात राहून विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारकाईने नोंदी ठेवल्या, त्यातूनच विंचूदंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार पुढे आला. (माशाच्या दंशावर ते औषध नव्हे, हेही येथेच सांगून ठेवतो.) आपल्याकडे माशाच्या दंशाची नोंद केसपेपरवर ‘हाताला सूज’ किंवा ‘अज्ञात दंश’ अशी होते, त्यामुळे खान्देशात असे किती रुग्ण येतात हे सरकारी कागदांवरून कधीच कळणार नाही. शिवाय प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेखालील गट अपघात विम्यात कायमच्या अंशतः अपंगत्वासाठी अडीच लाख आणि अपघाताने रुग्णालयात दाखल व्हावे लागल्यास पंचवीस हजार रुपयांपर्यंतची तरतूद आहे. उद्या एखाद्याचे बोट सडून कापावे लागले आणि त्याने दावा केला, तर तेथे पहिल्या दिवशीचा कागदच मागितला जाईल. म्हणून त्या कागदावर माशाचे नाव, काटा लागल्याची वेळ आणि तो मासेमारी करताना लागला हे तिन्ही तपशील स्पष्ट अक्षरांत लिहिले जावेत.

आपला नम्र,
एक सेवानिवृत्त औषधनिर्माण अधिकारी
ता. शहादा, जि. नंदुरबार