रात्रीची भूक दुपारच्या ताटात

सांगली

चि. अमेय यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझा तपासणीचा अहवाल मी नीट वाचला. एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतील साखरेची सरासरी दाखवणारी तपासणी, ६.१, उपाशीपोटी साखर ११२, कमरेचा घेर ९८ सेंटिमीटर आणि वजन ८८ किलो. हा मधुमेह नव्हे. मधुमेहाच्या उंबरठ्यावरची अवस्था आहे, आणि ती तुझ्या वयात कळली हे फार बरे झाले, कारण येथून माघारी फिरता येते. अहवाल हाती आल्यापासून तू सकाळी नुसती काळी कॉफी घेतोस, दुपारी काकडी-टोमॅटोवर भागवतोस, रात्री अकरानंतर मात्र फोन हातात घेऊन बिर्याणी मागवतोस आणि त्याचे प्रायश्चित्त म्हणून दुसऱ्या दिवशी आणखी कमी खातोस, असे तू मला सांगितलेस. त्या बोलण्यात ‘माझ्यात इच्छाशक्तीच नाही’ असे जे म्हणालास, ते मला सर्वांत जास्त लागले. आहारतज्ज्ञ म्हणून रुग्णालयात उभे आयुष्य काढल्यावर मी खात्रीने सांगते की रात्री अकराची ती खाखा तुझ्या स्वभावातून येत नाही, ती तुझ्या दुपारच्या रिकाम्या ताटातून येते.

दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस, १९४४-४५ मध्ये, अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात अ‍ॅन्सेल कीज या शास्त्रज्ञाने स्वेच्छेने पुढे आलेल्या ३६ निरोगी तरुणांना सहा महिने अर्धपोटी ठेवले होते. युद्धात उपासमार झालेल्या लोकांना पुन्हा अन्नावर कसे आणावे, हे त्याला समजून घ्यायचे होते. त्या तरुणांना दिवसाला साधारण १,५०० ते १,६०० कॅलरी मिळत, म्हणजे सध्या तू दिवसभरात स्वतःला जेवढे देतोस त्याहून बऱ्याच जास्त. तरीही ते अन्नाचीच स्वप्ने पाहू लागले, पाककृतींची पुस्तके जमवू लागले, ताटे चाटू लागले, चिडचिडे आणि उदास झाले. आणि प्रयोग संपल्यावर त्यांच्यापैकी काही जण पोट भरूनही थांबू शकत नव्हते. ती सर्व शरीराने व मनाने सुदृढ म्हणून निवडून घेतलेली माणसे होती. त्यांना जे जमले नाही, ते तुला दिवसभर कार्यालयात डोके शिणवून जमावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे.

यामागचे कारण शरीराच्या रचनेतच आहे. जठरातून स्रवणारे घ्रेलिन भूक वाढवते आणि चरबीच्या पेशींतून येणारे लेप्टिन मेंदूला साठा पुरेसा असल्याची वर्दी देते. वजन उतरू लागले की घ्रेलिन वाढते आणि लेप्टिन घटते. ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात वजन उतरवल्यानंतर वर्ष लोटले तरी हा बदल टिकून राहिल्याचे दिसले होते. म्हणून मी माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगत आले की जो आहार तुम्ही पुढच्या वर्षीही खाऊ शकणार नाही, तो आज सुरूच करू नका.

आता तू जे पंधरा किलो वजन उतरवायचे ठरवले आहेस, त्याविषयी. तो आकडा कोठून आला हे तुलाही सांगता येणार नाही. अमेरिकेतील मधुमेह प्रतिबंधाच्या मोठ्या अभ्यासात, ज्याचे निष्कर्ष २००२ मध्ये आले, सुमारे सात टक्के वजन घटवणे आणि आठवड्याला १५० मिनिटे चालण्यासारखा व्यायाम करणे हे ध्येय ठेवले होते, आणि तेवढ्याने मधुमेह होण्याचे प्रमाण ५८ टक्क्यांनी कमी झाले. चेन्नईच्या डॉ. ए. रामचंद्रन यांनी आपल्या लोकांवर केलेल्या अभ्यासातही आहार-विहार बदलल्याने हे प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटले होते. तुझ्या ८८ किलोंचे सात टक्के म्हणजे जेमतेम सहा किलो. हे सहा किलो सहा महिन्यांत उतरावेत, एवढेच आपले काम आहे. पहिल्याच आठवड्यात दोन-तीन किलो उतरल्याचा तुला जो आनंद झाला होता, त्यात पाण्याचा वाटा मोठा होता. स्नायूंत आणि यकृतात साठवलेल्या साखरेबरोबर तिच्या तिपटीच्या आसपास पाणी धरून ठेवलेले असते आणि खाणे एकदम तोडले की ते आधी निघून जाते.

तुझ्याहून जाड असलेल्या सहकाऱ्याचा अहवाल चांगला आणि तुझाच असा का, हेही तू विचारले होतेस. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्रज सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचे एकत्र छायाचित्र २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले होते. दोघांचाही बॉडी मास इंडेक्स, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा निर्देशांक, अगदी सारखा, २२.३, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. आपल्याकडील माणसाची चरबी पोटात साठते आणि ती वजनकाट्यावर नीट दिसत नाही. भारतीय पुरुषासाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरतात ती याचसाठी. तेव्हा रोज सकाळी काट्यावर उभा राहू नकोस. वजन आठवड्यातून एकदा, ठरल्या वारी पाहा आणि महिन्यातून एकदा टेपने कंबर मोज.

मुख्य गोष्ट ताटाची आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २,००० कॅलरींच्या दिवसाचे जे ताट आखून दिले आहे, त्यात धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिलिलिटर, दाणे-तेलबिया ३५ ग्रॅम आणि तेल-तूप २७ ग्रॅम असे प्रमाण आहे. तुला याहून थोडे कमी लागेल, आणि ती काटछाट धान्यात व तेलात करायची, डाळीत आणि भाजीत नव्हे. आपल्या घरच्या जेवणात पोळी, भात आणि बटाट्याची भाजी मिळून ताट भरते, आमटी चवीपुरती असते आणि कोशिंबीर चमचाभर. तू हे उलट कर. दुपारच्या डब्यात दोन पोळ्या किंवा एक भाकरी, वाटीभर नव्हे तर चांगली दीड वाटी मटकीची, मुगाची किंवा चवळीची उसळ, एक पालेभाजी, मोठी वाटी कोशिंबीर आणि ताक असू दे. आधी कोशिंबीर व उसळ खा, मग पोळी. त्या क्रमाने जेवल्यास जेवणानंतर साखर कमी चढते. सकाळी कॉफीआधी दोन अंडी किंवा मुगाची दोन धिरडी खा. पोहे करायचे झाले तर त्यात मटार आणि मोड आलेले मूग भरपूर घाल आणि बरोबर दही घे, कारण नुसते पोहे खाल्ले की अकरा वाजता पुन्हा भूक लागते. प्रथिने आणि तंतू पोटात असले की भूक सावकाश परतते; रात्रीच्या लढाईचा निम्मा निकाल येथेच लागतो.

तेलाकडे कोणी पाहत नाही, म्हणून तुला मोजण्याची सोपी रीत सांगते. दिवसाला २७ ग्रॅम म्हणजे महिन्याला साधारण ८०० ग्रॅम, अर्थात लिटरच्या पिशवीहून थोडे कमी. तुम्ही दोघे मित्र राहता, तर दोघांना महिन्याला पावणेदोन लिटर पुरायला हवे. स्वयंपाकाच्या मावशींना रागावू नकोस. महिन्याच्या पहिल्या तारखेला तेवढे तेल वेगळ्या बरणीत काढून दे आणि हे महिनाभर पुरवायचे आहे असे त्यांना समजावून सांग. तुला कमी तेलातले जेवण सपक वाटेल, पण लसूण-जिऱ्याची थोडी फोडणी वरून दिली, कोकम, लिंबू, ओले खोबरे किंचित आणि कोथिंबीर वापरली तर दोन-तीन आठवड्यांत जीभ रुळते.

एवढे केल्यावरही तल्लफ येणारच. तिची वेळ आणि जागा ठरलेली असते हे तू टिपून पाहा: संध्याकाळी पाचच्या चहाबरोबर शेव-फरसाण, आणि रात्री अमेरिकेबरोबरच्या बैठका संपल्यावर फोन. पाच वाजता तुला खरोखर भूक लागलेली असते, तेव्हा तिला खाणेच द्यायला हवे. फुटाणे, उकडलेले शेंगदाणे मूठभर, एखादे फळ किंवा उरलेली उसळ. शंभर ग्रॅम शेवेत ५०० ते ५५० कॅलरी असतात, म्हणजे चार-पाच पोळ्यांइतक्या, आणि पोट भरल्याचे समाधान मात्र मिळत नाही. अमेरिकेत केव्हिन हॉल यांनी २०१९ मध्ये वीस जणांना दोन आठवडे कारखान्यात तयार झालेले पाकीटबंद अन्न आणि दोन आठवडे घरगुती धाटणीचे अन्न हवे तितके खायला दिले, तेव्हा पाकीटबंद अन्नावर ते दिवसाला सुमारे ५०० कॅलरी जास्त खात होते. घरात मोठे पुडे आणून ठेवू नयेत असे मी म्हणते, ते यासाठीच. खायचेच असेल त्या दिवशी खाली उतरून लहान पुडी आण, वाटीत काढ आणि टेबलापाशी बसून, फोन-संगणकाचा पडदा बंद ठेवून खा.

रात्रीच्या तल्लफेची गोष्ट वेगळी आहे. तेव्हा पोटाला गरज नसते. डोळ्यांसमोर चित्र उभे राहते. वाफाळणारी बिर्याणी, तिचा रंग, तिचा वास, आणि जितके त्या चित्राशी भांडावे तितके ते ठळक होते. मानसशास्त्रज्ञांनी यावर बरेच काम केले आहे. तल्लफ मुख्यतः मनातल्या दृश्यावर पोसली जाते, म्हणून डोळे आणि हात दोन्ही गुंतवणारे काम काही मिनिटे केले की तिचा जोर उतरतो. ब्रिटनमधील संशोधकांनी टेट्रिस हा ठोकळ्यांचा खेळ तीन मिनिटे खेळायला देऊन हे दाखवले होते. तुझे रुबिक क्यूब अजून तुझ्याकडे आहे ना, ते टेबलावर ठेव. जेवण मागवण्याच्या अ‍ॅपमधून साठवलेले कार्ड काढून टाक, म्हणजे प्रत्येक वेळी आकडे भरावे लागतील आणि तेवढ्या वेळात विचार करायला अवसर मिळेल. वीस मिनिटांनीही इच्छा तशीच असेल तर ती भूक समज आणि कपभर दूध किंवा ताकभाकरी खा. त्यात अपराध काही नाही.

झोपेबद्दल मी आग्रहाने लिहीत आहे. शिकागोत २००४ मध्ये निरोगी तरुणांवर केलेल्या अभ्यासात दोन रात्री केवळ चार तास झोप मिळाल्यावर घ्रेलिन २८ टक्क्यांनी वाढले आणि लेप्टिन १८ टक्क्यांनी घटले होते, आणि त्यांची ओढ नेमकी गोड व खारट पदार्थांकडे वाढली होती. तुझ्या बैठकांची वेळ बदलता येत नसेल, पण बैठक संपल्यानंतरचा दीड तास तर तुझाच आहे.

सण आणि बंदी यांविषयी तू विचारलेस. कोणताही पदार्थ कायमचा वर्ज्य करू नकोस. वर्ज्य केलेल्या पदार्थाचाच ध्यास लागतो. होळीला पुरणपोळी खा, पण त्या जेवणात ती पोळीच्या जागी असू दे, पोळीनंतर नव्हे. आमरस असेल त्या दिवशी भात घेऊ नकोस. दिवाळीचे चार दिवस फराळ खावा. खरे वजन वाढते ते नंतर महिनाभर उघडत राहणाऱ्या डब्यांनी. उपवासाबद्दल मात्र मी कठोर आहे. साबुदाण्यात जवळजवळ निव्वळ पिष्ट असते, प्रथिने नावालाही नसतात, आणि खिचडीत वर तूप-दाणे पडतात, त्यामुळे ‘एकादशी आणि दुप्पट खाशी’ ही म्हण तुझ्याबाबतीत खरी होऊ नये. भगर, ताक, राजगिरा आणि फळे यांवर उपवास करता येतो. न केलास तरी मला वाईट वाटणार नाही.

लग्नसमारंभात नातेवाईक वजनावरून बोलतात आणि त्याच तोंडाने जिलेबीचा आग्रह करतात. त्यांना डाएटविषयी काही सांगू नकोस, कारण त्यावर चर्चा सुरू होते. ‘पोट भरले, जेवण छान झाले’ एवढे म्हणावे आणि ताटात थोडे शिल्लक असतानाच सावकाश जेवत राहावे. रिकाम्या ताटालाच वाढपी गाठतो.

आठवड्याच्या इंजेक्शनांबद्दल तुझ्या मित्राने जे सांगितले ते खोटे नाही. ती भूक कमी करतात आणि वजन उतरवतात, आणि ज्यांना त्यांची गरज आहे त्यांनी ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेण्यात काहीही कमीपणा नाही. पण त्यांपैकीच सेमाग्लुटाइड या औषधाच्या एका मोठ्या चाचणीत उतरलेल्या वजनापैकी सुमारे दोन-तृतीयांश औषध थांबवल्यावर वर्षभरात परत आले होते. सहा किलोंसाठी आधी ताट बदलून पाहावे असे माझे स्पष्ट मत आहे. अंतिम निर्णय तुझ्या डॉक्टरांचा.

बाबांबरोबर थालीपिठाची भाजणी, मेतकूट आणि मोड आणायला मटकी पाठवत आहे. भाजणीत या वेळी डाळी जास्त घातल्या आहेत. लाल रक्तपेशींचे आयुष्य सुमारे १२० दिवसांचे असते, म्हणून एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत पुन्हा तपासून उपयोग नाही. ती आता एप्रिलमध्ये कर. त्या एका तपासणीसाठी उपाशी राहावे लागत नाही, तेव्हा प्रयोगशाळेत नाश्ता करूनच जा आणि अहवाल आला की मला पाठव.

तुझी,
आई