गोठा वाढवण्याआधी

प्रिय बाळ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. गोठ्यात आणखी गाई बांधायच्या, त्यासाठी कर्ज काढायचं, असं तू लिहिलं आहेस. तुझी उमेद मला ठाऊक आहे आणि तिचा अभिमानही वाटतो. पण कर्जाच्या कागदावर सही करण्याआधी माझं म्हणणं ऐक. दावणीला किती जनावरं असावीत हे तुझी वैरण ठरवते. कर्ज देणारा ते ठरवत नाही आणि आपली हौसही ठरवत नाही. शिवाय आहेत त्याच जनावरांचे रिकामे दिवस, म्हणजे व्यायल्यापासून पुन्हा गाभण राहीपर्यंतचे दिवस, कमी केलेस, तर नवीन गाय न आणताही दूध वाढतं.

आधी वैरणीचा हिशेब मांड. ४०० किलो वजनाच्या दुभत्या गाईच्या पोटात रोज तिच्या वजनाच्या साधारण ३ टक्के शुष्क पदार्थ (पाणी सोडून उरणारा भाग) जायला हवा, म्हणजे १२ किलो. हिरव्या चाऱ्यात जवळजवळ ८० टक्के पाणीच असतं, त्यामुळे २० किलो हिरव्या चाऱ्यातून तिला जेमतेम ४ किलो शुष्क पदार्थ मिळतो. उरलेलं ५ किलो कोरडी वैरण आणि ४ किलो खुराक यांतून भागतं. आता हेच वर्षावर ने. एका गाईला सव्वासात टनांच्या वर हिरवा चारा, पावणेदोन टनांच्या वर कोरडी वैरण आणि दीड टनाच्या आसपास खुराक लागतो. यात सांडलवंड धरलेली नाही. तुझ्या रानात यातलं किती पिकतं आणि विकत किती घ्यावं लागतं, हे कागदावर लिही. दुधाच्या धंद्यात चालू खर्चातला ६० ते ७० टक्के खर्च खाद्यावरच होतो. ज्याची वैरण विकतची, त्याचा नफा दुसऱ्याच्या हातात असतो. टंचाईच्या महिन्यांत वैरणीचा भाव चढतो, दुधाचा त्या मानाने चढत नाही आणि कर्जाचा हप्ता तर तसाच असतो.

सगळ्यात स्वस्त वैरण म्हणजे वाया न गेलेली वैरण. अख्खा चारा गव्हाणीत टाकला की गाय पाला खाते, ताटं पायाखाली तुडवते आणि ती शेणाबरोबर बाहेर जातात. कुट्टी (बारीक तुकडे) करून घाल, फरक आठवड्यात दिसेल. पिकं घेताना एकदल चाऱ्याबरोबर द्विदलही लाव. द्विदलात प्रथिनं जास्त असल्यामुळे पेंडेचा खर्च कमी होतो आणि त्याच्या मुळांवरच्या गाठी जमिनीला नत्र देतात. हिरवा चारा भरपूर असेल तेव्हा मुरघास, म्हणजे हवाबंद मुरवलेला चारा, करून ठेव. त्यात खरं काम हवा काढण्याचं आहे. दाणा चिकातून घट्ट होऊ लागला की पीक कापायचं, म्हणजे शुष्क पदार्थ ३० ते ३५ टक्क्यांवर असतो. दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करायची, थर तुडवून तुडवून दाबायचे आणि वरून असं झाकायचं की वारा शिरता कामा नये. दीडेक महिन्याने उघड. आंबटगोड वास आला आणि रंग पिवळसर हिरवा असला की काम जमलं. बुरशी दिसली तर तेवढा भाग उचलून फेक, गाभण जनावराला तर चुकूनही घालू नकोस.

आता रिकाम्या दिवसांबद्दल, कारण खरी गळती तिथे आहे. गाय साधारण २८० दिवस गाभण राहते. व्यायल्यानंतर ८५ दिवसांच्या आत ती पुन्हा गाभण राहिली तर वर्षाला एक वेत मिळतं. तेरा-चौदा महिन्यांचं अंतर पडलं तरी गोठा तरतो. त्यापुढे गेलं की दूध आटत जातं आणि पोट मात्र रोज तेवढंच मागतं. माज, म्हणजे गाय गाभण राहू शकते ती वेळ, साधारण दर २१ दिवसांनी येतो. एक माज नजरेतून सुटला, की तीन आठवड्यांची वैरण फुकट गेली. बरेच माज रात्री किंवा पहाटे सुरू होतात, म्हणून पहाटे आणि झोपण्याआधी गोठ्यात वीस मिनिटं नुसती उभी राहा. हातात काम नको, मोबाईलही नको. कोण दुसरीवर उडतं, त्यापेक्षा कोण दुसरीला अंगावर उडू देऊन स्थिर उभी राहते ते पाहा, माजावर तीच असते. शेपटीखाली काचेसारखा सोट (चिकट स्राव) लोंबतो, गाय हंबरते, त्या वेळचं दूध कमी येतं. सकाळी माज दिसला तर संध्याकाळी रेतन कर (गाय भरवून घे), संध्याकाळी दिसला तर दुसऱ्या दिवशी सकाळी. तारीख लगेच लिहून ठेव. १८ व्या दिवसापासून पुन्हा नजर ठेव आणि दोन-तीन महिन्यांनी डॉक्टरांकडून गाभण तपासून घे. ‘माजावर आली नाही, म्हणजे राहिली असेल’ या भरवशावर कितीतरी गोठे तोट्यात गेलेले मी जवळून पाहिलेत.

व्यायच्या आधी दोन महिने तिला आटव, म्हणजे तिची धार काढणं बंद कर. दूध चालू असताना आटवायचं जिवावर येतं खरं, पण कासेतल्या पेशी याच काळात नव्या होतात. ही विश्रांती नाही मिळाली तर पुढचं सगळं वेत कमी दुधाचं जातं.

वासरू जन्मलं की पहिल्या एक-दोन तासांत त्याच्या वजनाच्या दहाव्या हिश्शाएवढा चीक त्याच्या पोटात गेलाच पाहिजे. ३० किलोचं वासरू असेल तर ३ लिटर, दोन वेळांत विभागून दिलास तरी चालेल. आईची रोगप्रतिकारशक्ती वासराला फक्त चिकातून मिळते आणि ती शोषून घेण्याची त्याच्या आतड्याची ताकद एका दिवसात संपते. वार (व्यायल्यावर पडणारी झिल्ली) पडण्याची वाट पाहत चीक थांबवणारे लोक भेटतील, त्यांचं ऐकू नकोस. आजची कालवड ही तुझी उद्याची गाय आहे आणि घरची कालवड नीट वाढवलीस तर बाजारातून गाय आणि तिच्याबरोबर रोग विकत आणायची वेळ येत नाही. आणावीच लागली तर तीन-चार आठवडे वेगळी बांध. तिची बादली वेगळी ठेव आणि तिचं काम सगळ्यांच्या शेवटी कर.

कासदाहाकडे मी जितकं लक्ष देते तितकं दुसऱ्या कशाकडे देत नाही. सुजलेली, गरम कास कुणालाही दिसते. पण न दिसणारा कासदाह जास्त पसरलेला असतो, त्यात कास चांगली दिसते आणि दूध मात्र गुपचूप कमी होत जातं. म्हणून धार काढायला बसलीस की प्रत्येक सडाच्या पहिल्या दोन-तीन धारा काळ्या कपड्यावर किंवा काळ्या वाटीत घे. भाताच्या कणीएवढ्या पांढऱ्या गुठळ्या दिसल्या, दूध पाणचट वाटलं, तर त्या गाईची धार सगळ्यांच्या शेवटी काढ आणि ते दूध बाकीच्यात मिसळू नकोस. महिन्यातून एकदा सीएमटीच्या (कासदाह ओळखायच्या चाचणीच्या) द्रावणाने चारही सड तपास. दूध आणि द्रावण मिसळून घट्ट, चिकट झालं तर त्या सडात दोष आहे. धार झाल्यावर सड जंतुनाशकात बुडव आणि लगेच गव्हाणीत ताजी वैरण टाक, म्हणजे गाय अर्धा तास तरी उभी राहील. धारेनंतर सडाचं तोंड काही वेळ उघडंच असतं, त्याच वेळी ती ओल्या शेणात बसली की जंतू आत शिरतात. प्रतिजैविक दिलंच, तर डॉक्टर सांगतील तितके दिवस ते दूध विकू नकोस. आपलं दूध कुणाचं तरी लहान मूल पिणार आहे, बाळा. इथे तडजोड नाही.

पाण्याला काही मोल पडत नाही म्हणून त्याकडे दुर्लक्ष होतं. दुधात ८७ टक्के पाणी असतं. लिटरभर दुधामागे गाईला चार-पाच लिटर पाणी लागतं, उन्हाळ्यात त्याहून जास्त. दोनदा बादली दाखवण्यापेक्षा तिला हवं तेव्हा पिता येईल अशी टाकी कर. जमेल तेवढा वेळ जनावरं मोकळी सोड. गाय दिवसातले दहा-बारा तास बसते आणि बसून रवंथ करते. तिला कोरडी, मऊ जागा मिळाली तर खुरं, कास आणि दूध तिन्ही सुधारतात. महागड्या शेडची काहीएक गरज नाही. सावली, वारा आणि कोरडी जमीन एवढं पुरतं.

शेळ्यांचं गणित थोडं वेगळं आहे. १५० दिवसांत वेत मिळतं, बहुतेक जुळी होतात, त्यामुळे कळप झपाट्याने वाढतो. पण नफा जन्मलेल्या करडांवर मिळत नाही, जगलेल्या करडांवर मिळतो. पैदाशीचा बोकड दर दोन वर्षांनी बदल, नाहीतर तो स्वतःच्याच पाटींवर (स्वतःपासून झालेल्या तरुण माद्यांवर) जातो आणि करडं खुरटी निपजतात. जंतांचं औषध सगळ्या कळपाला ठरावीक तारखेला सरसकट पाजण्याची पद्धत सोड. त्याने जंत औषधाला दाद देईनासे होतात. खालची पापणी उलटून पाहा. ती लालबुंद असेल तर औषध नको, फिकट पांढरी असेल तर लगेच दे. आणि वजन करूनच दे, अंदाजाने कमी पडलेला डोस जंतांना पक्का करतो. चराईचे तुकडे पाड. ओल्या-उबदार हवेत लेंडीतल्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या पाच-सहा दिवसांत गवतावर चढायला तयार होतात, म्हणून एका तुकड्यात चार दिवसांच्या वर ठेवू नकोस. अळ्या गवताच्या बुडाशी जास्त असतात, तेव्हा गवत बुडापर्यंत खाऊ देऊ नकोस. त्याने गवतही लवकर फुटतं. शेळीला तर मुळातच झाडपाला आवडतो. बांधावर पाल्याची झाडं लावलीस तर चारा मिळेल, सावली मिळेल आणि मातीही धरून राहील.

शेणाला तू पत्रात ‘कचरा’ म्हटलं आहेस, ते मला फार लागलं. एक गाय रोज १५ ते २० किलो शेण देते आणि २५ किलो ताज्या शेणातून जवळपास एक घनमीटर गॅस मिळतो. गॅस घेऊन झाला तरी खताचा कस राहतोच. पण शेण उघड्यावर उन्हात पडलं की नत्र उडून जातं. जनावराच्या अंगावाटे जाणाऱ्या नत्रातलं निम्म्याच्या आसपास मूत्रातून जातं आणि आपण ते गटारात सोडतो. गोठ्याला उतार दे, मूत्र एका टाकीत घे किंवा खाली पाचट पसरून त्यात मुरू दे. ढीग सावलीत कर, ओलसर ठेव आणि अधूनमधून वरखाली कर. ढीग आतून इतका तापायला हवा की हात घालवणार नाही, म्हणजे तणांचं बी मरतं. हे खत चाऱ्याच्या रानात गेलं की तिथली वैरण पुन्हा गव्हाणीत येते आणि बाहेरून आणायचं खत कमी होतं. हवेत जाणाऱ्या मिथेनचंही तेच. गाय खाते त्यातली सुमारे ६ टक्के ऊर्जा ढेकरांतून मिथेन होऊन वाया जाते. भाकड गायही तो सोडतेच आणि दूध देत नाही. कमी आणि निरोगी गाईंत तेवढंच दूध निघालं, तर तुझे पैसे वाचतात आणि हवेवरचा भारही हलका होतो.

वही ठेव. प्रत्येक जनावराला एक पान दे. जन्म, माज, रेतन, वेत, औषध, लस आणि आठवड्यातून एका दिवसाचं मोजलेलं दूध, एवढं लिहिलंस तरी पुष्कळ. खर्चाच्या पानावर घरच्या वैरणीचा बाजारभाव धर आणि स्वतःच्या कष्टांची मजुरीही धर. तुझे कष्ट फुकट धरून दिसणारा नफा खोटा असतो. मग एका लिटरमागे खर्च काय पडतो ते काढ. वहीच तुला सांगेल की कुठली गाय घर चालवते आणि कुठली बाकीच्यांचं खाते. चार-पाच वेळा रेतन करूनही न राहणारी, पुन्हा पुन्हा कासदाह होणारी गाय ठेवायची की नाही, हा निर्णय जड जातो. तिच्यावर माया असतेच. उपचार पूर्ण करून पाहा, पण तिच्या जागी दुसरी येण्याआधी निर्णय घे, नंतर नको. आणि वेतं वर्षभर विभागून आण, म्हणजे सगळी दावण एकदम भाकड होणार नाही.

हिशेब मांडून झाल्यावर, वर्षभराची वैरण हाताशी ठेवून जागा उरत असेल, तर एखाद-दुसरी गाय जरूर घे. तीही गाभण कालवड असेल तर उत्तम. त्यासाठी मी माझ्याकडचे पैसे देईन, कर्ज नको.

एक गोष्ट मात्र आजच कर. गाभडलेल्या (अकाली गर्भ पडलेल्या) जनावराला, वारेला किंवा मेलेल्या गर्भाला उघड्या हातांनी शिवू नकोस. ब्रुसेला हा जनावरं गाभडवणारा रोग माणसालाही होतो, महिनोन् महिने ताप आणि सांधेदुखी ठेवतो. कालवडी चार ते आठ महिन्यांच्या असताना त्याची लस टोचून घे आणि दूध कच्चं पिऊ नकोस. तांबड्या गाईचे दिवस भरत आलेत असं लिहिलं आहेस. त्या आठवड्यात मी येऊन राहते, रात्रीची पाळी माझी. कोपरापर्यंतचे हातमोजे आणि नाळेला लावायचं आयोडीन आणून ठेव, आणि डॉक्टरांना तारीख आधीच सांगून ठेव.

तुझी,
आई