मंगीला, चाकणहून

चाकण, रविवार दुपार

प्रिय मंगे,

चार महिने तुझ्या एकाही मेसेजला धड उत्तर दिलं नाही. रागावली असशील, रागव. माझी पाठ बरी आहे. आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, आता त्या स्वतः तांदूळ निवडतात.

तळेगावच्या घराचं कर्ज अडलंय. का अडलं ते यांनाही अजून सांगितलेलं नाही.

गेल्या वर्षी कंपनीत एक ॲप आलं. महिन्यात जेवढे दिवस भरले, तेवढा पगार आधी उचलायचा, सात तारखेला वळता होतो. "कर्ज नाही ताई, तुमचाच पैसा," असं सांगितलं होतं. मला पटलं. आईंच्या डोळ्याला चार हजार, व्हॅनवाल्याला अठराशे, असं करत गेले.

मंगळवारी बँकेतल्या मॅडमनी माझा सिबिल रिपोर्ट, म्हणजे माझ्या नावावरच्या सगळ्या कर्जांची नोंद, समोर ठेवला आणि पेन्सिलीने एकेका ओळीवर टिक करत गेल्या. अकरा! अकरा वेगवेगळी पर्सनल लोन. व्हॅनचे अठराशेसुद्धा लोन. पैसे आमची कंपनी देतच नव्हती गं, ॲपमागची एक फायनान्स कंपनी देत होती. आणि ॲपवरून दिलेलं कर्ज कितीही लहान, कितीही थोड्या दिवसांचं असलं तरी त्याची नोंद सिबिलसारख्या कंपन्यांना कळवायची, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२ पासूनचा नियम. मालकाने स्वतःच्या पैशातून ॲडव्हान्स देऊन पगारातून कापला असता, तर यातली एक ओळ उमटली नसती. मोबाइलवर दोन्ही सारखंच दिसतं.

त्यात जूनमध्ये पगार चार दिवस उशिरा झाला. ऑटो-पे परत गेला आणि थकबाकी लागली माझ्या नावावर. उशीर त्यांचा, डाग मला! याचा राग जातच नाही, मंगे.

शिवाय स्टेटमेंट. २७,००० जमा, आणि त्याच दिवशी आठ-नऊ हजार वजा, दर महिन्याला. "हा आम्ही हप्ताच धरणार," मॅडम म्हणाल्या. दोघांच्या ४६,००० वर २२ लाख बसत होते, ते आता बसेनात.

हे म्हणतात, हातात कमी येतं ना, मग आवास योजनेच्या अर्जात उत्पन्नही कमी लिहू. म्हटलं, तिथे वर्षाचं पूर्ण उत्पन्न लिहायचं असतं, उचल घेतली म्हणून ते घटत नाही. सहा लाखांच्या आत आहोतच, मग खोटं कशाला? पहिल्या आठ लाखांवर चार टक्के व्याजाची सवलत आहे, पण ती मिळायला आधी कर्ज मंजूर हवं.

तुला बाराशे रुपये आठवतात? मी वहीत लिहून परत केले, तर तू वहीच विहिरीत टाकलीस. "मैत्रिणीचा हिशेब ठेवतेस?" दीड महिना अबोला. त्या वहीत माझा भूगोलाचा गृहपाठही होता, तो अजून तुझ्याकडून येणं आहे! चार हजार तुझ्याकडे मागितले असते तर रात्रीतून पाठवले असतेस. माहीत होतं. ॲपला काही सांगावं लागत नाही, कशाला हवेत ते विचारत नाही. म्हणून त्याच्याकडे गेले.

रिपोर्टमध्ये कर्जाचं एक खातं फिटूनही उघडं दिसतंय, त्याची तक्रार टाकलीय. ३० दिवसांत निवारण झालं नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. मॅडम म्हणाल्या, सहा महिने ॲपला हात लावू नका, मग या. तोवर बिल्डर थांबेल का, ते त्याने अजून सांगितलेलं नाही. टोकनचे पन्नास हजार त्याच्याकडे आहेत.

तुझ्या दुकानाचं शटर बसलं का? सोनूचं दहावीचं अभिनंदन राहूनच गेलं, तिला माझा पापा दे. आणि विनू पगाराआधी पैसे उचलतो म्हणाली होतीस ना? त्याचा मोबाइल घे आणि करारात पैसे देणारा म्हणून कुणाचं नाव आहे ते बघ. आजच बघ.

यांना रात्री जेवणानंतर सांगणार आहे. सांगून झालं की फोन करते. झोपू नकोस.

तुझी,
शकू