डोकं कापलेले फोटो छापू नका

संपादक, सप्रेम नमस्कार,

लठ्ठपणावर काही बातमी आली की तिच्या शेजारी जो फोटो येतो त्याबद्दल लिहितेय. रस्त्यानं चाललेलं कोणीतरी, पोट सुटलेलं, शर्टाची बटणं ताणलेली, आणि फोटो बरोबर गळ्यापाशी कापलेला, डोकंच नाही, कधी पाठमोरा तर कधी नुसतं पोट. त्या माणसाला फोटो घेऊ का असं कोणी विचारलेलं नसतं हे फोटो बघूनच कळतं. माझं वय ४२, वजन ९८ किलो, आणि असा फोटो दिसला की मी पहिल्यांदा त्यातले कपडे बघते, असा टॉप माझ्याकडे आहे का, ही मीच तर नाही ना. मला वाटायचं हे मीच एकटी करते. पण मागे दोन मैत्रिणींशी बोलताना विषय निघाला तर त्या दोघीही हेच करतात, आणि आम्ही तिघीही इतकी वर्षं एकमेकींना बोललो नव्हतो.

असे फोटो किती असतात हे अमेरिकेत २०११ साली अभ्यासकांनी मोजलंय. बातम्यांच्या वेबसाइटवरचे जाड माणसांचे फोटो तपासले तर त्यातले साधारण ७२ टक्के कमीपणा आणणारे निघाले. डोकं कापलेले, नुसतं पोट नाहीतर मागची बाजू दाखवणारे, खाताना टिपलेले, अंगाला न बसणाऱ्या कपड्यातले. बारीक माणसं मात्र चेहऱ्यासकट, व्यवस्थित. वर्षानुवर्षं हेच बघितल्यावर लोक जाड माणसाकडे कसं बघायला शिकणार? हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ ते २०१६ या काळातल्या लाखो ऑनलाइन चाचण्या तपासल्या होत्या, त्यात वंश किंवा लैंगिकता याबद्दलचे मनातले छुपे पूर्वग्रह कमी झालेले दिसले, वजनाबद्दलचे मात्र वाढले होते. मला ते वाचून जराही आश्चर्य वाटलं नाही.

"किती सुटलीस गं!" हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा ऐकलंय ते सांगता येणार नाही. बरेच दिवसांनी कोणी भेटलं की कशी आहेस याच्या आधी हे येतं, चार माणसांत, मोठ्यानं. आणि मी गप्प झाले की लगेच वर, अगं काळजी वाटते म्हणून बोलले, रागावू नकोस. म्हणजे बोलणार तुम्ही आणि समजून घ्यायचं मी. काळजी असलेलं माणूस बाजूला घेऊन विचारतं, झोप लागते का, काही दुखतंय का, कसलं टेन्शन आहे का. माझ्या एका मावशीनं असं विचारलं होतं, एकदाच, तिच्याजवळ मी तासभर रडले होते.

शाळेतली गोष्ट सांगते. मी दहा वर्षांची असताना वर्गात सगळ्यांची वजनं केली आणि सरांनी प्रत्येकाचा आकडा मोठ्यानं वाचून दाखवला. माझा आकडा आल्यावर वर्ग हसला आणि सरही हसले, मला आकड्यापेक्षा तेच जास्त लक्षात राहिलंय. त्यानंतर खेळाच्या तासाला माझं दर आठवड्याला पोट दुखायला लागलं आणि ते खरंच दुखायचं. मी धावायची, मला आवडायचं धावायला, ते तिथं थांबलं ते कायमचं. पुढं तिशीत परत हिंमत करून सकाळी चालायला सुरुवात केली तर गाडीवरून जाणारी पोरं ओरडून काहीतरी बोलून गेली, मग अंधार असताना जायला लागले, मग अंधाराची भीती वाटायला लागली आणि तेही बंद. आता हेच लोक म्हणणार की ही व्यायाम करत नाही.

डॉक्टरांचं तर मला जास्त लागलंय. पाच वर्षांपूर्वी जिना चढताना धाप लागायला लागली, सारखा थकवा, केस गळायचे. ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी खुर्चीतून न उठता सांगितलं, वजन कमी करा मग बघू. तपासणी नाही, रक्त नाही, काही नाही. वजन काही कमी झालं नाही म्हणून मी पुढचे आठ महिने कुठल्याच डॉक्टरकडे गेले नाही, काय तोंड घेऊन जाणार. शेवटी नवऱ्यानं जबरदस्तीनं दुसरीकडे नेलं, त्या बाईंनी आधी पाळीबद्दल विचारलं, रक्त तपासलं, हिमोग्लोबिन ६.८ निघालं, म्हणजे फारच कमी. गर्भाशयात फायब्रॉइडच्या गाठी होत्या, पाळीत रक्त फार जात होतं आणि त्यामुळं ही सगळी धाप. उपचार झाले, लोह भरून निघालं, धाप गेली. वजन तेवढंच होतं तेव्हाही. त्याच बाईंनी बीपी बघताना मोठा पट्टा मागवला, म्हणाल्या छोटा पट्टा जाड दंडाला बांधला की आकडा खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो. मला तोपर्यंत कोणी हे सांगितलंच नव्हतं, आणि आधी माझं बीपी किती वेळा छोट्या पट्ट्यानं मोजलं असेल कोण जाणे.

लोकांच्या डोक्यात एकच हिशोब पक्का बसलाय, खातेय म्हणून जाड आहे, खाणं सोडलं की बारीक होईल. इतकं सरळ असतं तर मी कधीच झाले असते, मी चार वेळा पंधरा-पंधरा किलो वजन उतरवलंय आणि चारही वेळा ते परत आलंय. का येतं ते मला फार उशिरा वाचायला मिळालं. १९९४ साली लेप्टिन नावाचं हार्मोन सापडलं, ते चरबीच्या पेशीच तयार करतात आणि मेंदूला साठा किती आहे ते कळवतात, वजन उतरलं की ते घटतं आणि मेंदूला वाटतं उपासमार चाललीय, मग भूक वाढते आणि शरीर खर्च कमी करतं. अमेरिकेत टीव्हीवरच्या वजन घटवायच्या स्पर्धेतल्या १४ जणांना सहा वर्षांनी तपासलं होतं, तो अभ्यास २०१६ ला आला. बहुतेकांचं बरंचसं वजन परत आलेलं आणि तरी त्यांचं शरीर त्या वजनाच्या माणसानं जाळायला हव्या त्यापेक्षा दिवसाला सुमारे ५०० कॅलरी कमी जाळत होतं. सहा वर्षांनीसुद्धा! मी हे वाचलं त्या रात्री मला झोप नाही आली, वीस वर्षं मी स्वतःला जिभेवर ताबा नसलेली बाई समजत होते. शिवाय अनुवंश आहे, थायरॉइड आहे, पीसीओएस म्हणजे पाळी बिघडवणारा हार्मोन्सचा त्रास आहे, स्टेरॉइड, इन्सुलिन, फिट्सच्या आणि मानसिक आजारांच्या काही औषधांनी वजन वाढतं. समोरच्या बाईला यातलं काय आहे हे तिच्या दंडाकडे बघून कळत नाही.

याचा अर्थ वजनाचा तब्येतीशी संबंध नाही असं मी म्हणत नाहीये. डायबेटीस, गुडघे, झोपेत श्वास अडकणं, सगळं मला माहीत आहे, माझे गुडघे मला रोज सांगतात. पण टोमण्यांनी वजन उतरत असतं तर जगात एकही जाड माणूस उरला नसता. उलटच होतं. अमेरिकेत सहा हजारांवर लोकांना २००६ ते २०१० असं चार वर्षं बघितलं, तर सुरुवातीला लठ्ठ नसलेल्यांमध्ये ज्यांना वजनावरून वाईट वागणूक मिळाली होती ते पुढं लठ्ठ होण्याची शक्यता बाकीच्यांच्या अडीच पट होती. माझ्या बाबतीत तर मला अभ्यासाची गरजच नाही, कोणी बोललं की मी घरी येऊन दार लावून खायचे, आणि खाऊन झाल्यावर स्वतःला शिव्या द्यायचे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबानं २०२२ साली जगात दर आठ माणसांत एकाला लठ्ठपणा होता. म्हणजे तुमच्या वाचकांतही आम्ही खूप आहोत, सकाळी पेपर उघडणारे, आणि आमच्या घरातली दहा-बारा वर्षांची मुलंही तोच पेपर बघतात.

म्हणून एवढंच मागणं आहे. पुढच्या वेळी अशी बातमी लावताना फोटो बदला. वर्ल्ड ओबेसिटी फेडरेशन या लठ्ठपणावर काम करणाऱ्या संस्थेनं माध्यमांसाठी फुकट वापरता येतील असे फोटो ठेवलेत, त्यात जाड माणसं काम करतायत, चालतायत, डॉक्टरांशी बोलतायत, चेहऱ्यासकट. नाहीतर वजनकाट्याचा छापा, टेपचा छापा, बिनफोटोची बातमीही चालेल. मथळ्यात ढेरपोटे, जाडजूड असले शब्द नकोत. आणि चेहऱ्याचाच फोटो हवा असेल आणि कोणी तयार होत नसेल तर मला कळवा, माझा पत्ता पाकिटावर आहे. मी येईन, माझा काढा, डोक्यासकट, फक्त आधी विचारून काढा.

आपली,
एक नियमित वाचक